गालिच्याची दशा

गेल्या स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशीं आमच्या सभागृहांतील व्यासपीठावर लोकरी गालिचा अंथरण्याचें काम चाललें होतें. वर्षभर गुंडाळून ठेवलेला तो गालिचा उलगडतांच त्याच्या दोन्ही टोंकांच्या दशा मळून करड्या झालेल्या, कोठें गुंतलेल्या तर कोठें तुटलेल्या दिसूं लागल्या. स्वागतसमितींतील एक चलाख विद्यार्थी लगेच म्हणाला, “सर, कात्री आणूं का? या झिरमिळ्या कापून टाकल्या, कीं गालिचा नीटनेटका दिसेल आणि पाहुण्यांचा पायही अडकणार नाहीं.” दुसरा म्हणाला, “कापायला कशाला पाहिजेत? ब्लीचिंग पावडरच्या पाण्यांत बुडवूं या. तासाभरांत पांढऱ्याशुभ्र होतील!” दोघांचाही हेतु चांगला होता, यांत संशय नाहीं. परंतु मीं दोघांनाही थांबविलें. कां थांबविलें, हें त्या धांदलींत सांगावयास सवड मिळाली नाहीं. तें आज या वार्षिकांत सांगावें, व तें त्या दोघांप्रमाणेंच त्यांच्या घरच्या वडील मंडळींच्याही कानांवर घालावें, असें मनांत आलें. कारण कात्री व ब्लीच हे दोन उपाय शाळेपेक्षां घरींच अधिक चालतात.

हातानें गांठी मारून केलेला गालिचा कसा तयार होतो हें एकदां ध्यानांत आलें, म्हणजे पुढील गोष्टी सहज समजतील. विणकर प्रथम मागावर उभे धागे ताणून बसवितो. त्यांस ताणा म्हणतात. बहुतेक गालिच्यांत हे धागे कापसाच्या पिळदार सुताचे असतात. कांहीं मौल्यवान गालिच्यांत ते रेशमाचे व भटक्या टोळ्यांच्या विणींत लोकरीचेही असतात. या उभ्या धाग्यांच्या एकेका जोडीभोंवतीं रंगीत लोकरीची एकेक गांठ बसविली जाते. गांठींची एक ओळ पुरी झाली, कीं आडवा धागा, म्हणजे बाणा, ओंवून तो पंज्यानें ठोकून घट्ट करतात. मग पुन्हां गांठींची नवी ओळ. अशा शेंकडों ओळी झाल्यावर, शेवटच्या गांठी निसटूं नयेत म्हणून टोंकाला एक साधी अरुंद पट्टी विणतात, आणि मग ताण्याचे धागे कापून गालिचा मागावरून खालीं उतरवितात. कापलेल्या त्या धाग्यांचीं जीं टोंकें बाहेर लोंबत राहतात, त्यांनाच आपण दशा म्हणतों.

यावरून वाचकांच्या लक्षांत येईल, कीं दशी ही गालिच्याला मागाहून जोडलेली शोभा नव्हे. जो धागा या टोंकाला दशी म्हणून दिसतो, तोच गालिच्याच्या पोटांतून, सहस्रावधि गांठी आपल्या अंगावर वाहत, दुसऱ्या टोंकाला पुन्हां दशी म्हणून बाहेर पडतो. वरची फुलें, वेली, हरणें हें सारें त्याच्या आधारावर उभें असतें. घराचा पाया जमिनींत गडप असतो म्हणून आपण त्याला विसरतों. गालिच्याचा पाया दोन्ही टोंकांस उघडा पडलेला असूनही आपण त्याला झिरमिळ्या समजतों, हें आश्चर्य होय.

आपल्या भाषेनें मात्र ही गोष्ट कधींच ओळखलेली दिसते. संस्कृतांत ‘दशा’ या एकाच शब्दाचे तीन अर्थ आहेत: वस्त्राच्या टोंकाचे सुटे धागे, दिव्याची वात आणि मनुष्याची अवस्था. मराठींतही द्वितीयेच्या चंद्राला आपल्या वस्त्राची दशी वाहण्याची चाल आहे, आणि कोणाचे हाल झाले म्हणजे ‘काय ही दशा!’ असें आपण म्हणतों. गालिच्यापुरतें बोलावयाचें, तर हे अर्थ निराळे नाहींतच. दशीवरून त्याची दशा कळते, व ती वातीप्रमाणें वागते हें पुढें दिसेलच.

आतां कात्रीचा विचार करूं. दशा मुळाशीं कापल्या म्हणजे शेवटच्या पट्टीला अडवून धरणारें कांहींच उरत नाहीं. पायांच्या घर्षणानें पट्टीचा आडवा धागा सुटूं लागतो. पट्टी संपली, कीं गांठींची पहिली ओळ निसटते, तिच्या मागोमाग दुसरी. कपड्याची शिवण उसवावी तसा गालिचा टोंकाकडून उसवत जातो. ज्या कात्रीनें तो पांच मिनिटांत नीटनेटका दिसला, त्याच कात्रीनें त्याचें आयुष्य कमी केलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

ब्लीचविषयीं मी अनुभवानें बोलतों. माझ्या आजोळीं एक लहानसा गालिचा होता. मी कॉलेजांत असतांना दिवाळीपूर्वीं तो मोठ्या हौसेनें गांवांतील एका धुलाईच्या दुकानांत नेऊन दिला आणि ‘दशा पांढऱ्या करून द्या’ असें बजावून सांगितलें. परत आला तेव्हां दशा दुधासारख्या दिसत होत्या. सर्वांनीं माझें कौतुक केलें, एक आजी तेवढी दशी बोटांत धरून म्हणाली, “अरे, ही खडखडीत कां लागते?” तिच्या प्रश्नाचें उत्तर पुढें मिळालें. दुसऱ्या दिवाळीपर्यंत त्या दशा केर काढतांना तुकड्यातुकड्यांनीं गळूं लागल्या, आणि नंतर कांठाची नक्षीही गेली. दुकानदारानें मीं सांगितलें तेंच केलें होतें. म्हणून दोष निम्म्याहून अधिक माझाच. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यांतील कारण कळेल. ब्लीचमधील क्लोरीनचें द्रव्य केवळ मळाचा रंग घालवून थांबत नाहीं. तें सुताच्या मूळ द्रव्याचे लांब रेणू तोडतें व सूत ठिसूळ होतें. लोकरीची गत त्याहून वाईट. ती तीव्र ब्लीचमध्यें विरघळूनच जाते. तेव्हां दशीला लावलेलें ब्लीच जरा आंत झिरपलें, तर गांठींचाही नाश ठरलेला.

मग दशा मळक्याच ठेवाव्या काय? मुळींच नाहीं. मळ हाही शत्रूच आहे. धुळींतील बारीक वाळू धाग्याला करवतीसारखी कापते. परंतु दशा स्वच्छ करण्याची रीत इतकी सोपी आहे, कीं सातवी-आठवींतील कोणाही मुलामुलीला ती साधेल.

रोजच्या झाडण्यांत केरसुणीचा फटकारा दशांवर मारूं नये. मऊ कुंच्यानें गालिच्याकडून बाहेरच्या दिशेनें हलकेच झाडावें. व्हॅक्यूम क्लीनर असेल, तर त्याचा फिरता ब्रश दशांवरून कधींही नेऊं नये. तो त्यांना ओढून गुंडाळतो व तोडतो. गालिचा दोन टोंकांस धरून चाबकासारखा झटकणें हेंही घातक होय. गुंता झाला तर तो बोटांनीं सोडवावा, कंगव्यानें ओढूं नये.

धुण्याच्या वेळीं प्रथम पांढरें ओलें फडकें रंगीत लोकरीवर दाबून पाहावें. रंग फडक्याला लागला, तर तेथेंच थांबून जाणत्या कारागिराकडे जावें. रंग पक्का असेल, तर दशांखालीं प्लास्टिकचा कागद व त्यावर जाड पांढरा टॉवेल पसरावा. कोमट पाण्यांत सौम्य साबणाचे थोडे थेंब घालून, मऊ ब्रश त्यांत बुडवून व निथळून, गालिच्याकडून टोंकाकडे एकाच दिशेनें फिरवावा. उलटसुलट घासूं नये, आणि गालिच्याचें अंग भिजूं देऊं नये. नंतर स्वच्छ पाण्याच्या ओल्या फडक्यानें दोन वेळां साबण टिपून घ्यावा. शेवटच्या पाण्यांत चमचाभर पांढरें व्हिनेगर घातल्यास साबणाचा क्षार राहत नाहीं व दशा पिवळ्या पडण्याचें भय कमी होतें.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि लोक चुकतात तेथेंच. ओल्या दशा तशाच सोडून निघून जाऊं नये. समईच्या वातींतून तेल वर चढतें, तसें गालिच्याच्या आंतील पाणी सुती दशींतून टोंकाकडे येतें, आणि येतांना आंतला मळ घेऊन येतें. पाणी उडून जातें व मळ टोंकावर तांबूस डाग होऊन बसतो. याकरितां दशा दोन कोरड्या टॉवेलांमध्यें दाबून पाणी टिपावें, ओले झालेले टॉवेल बदलावे, आणि गालिचा सपाट ठेवून पंख्याच्या वाऱ्यावर, सावलींत पुरता वाळवावा. आपल्याकडील पावसाळ्यांत हें काम हातीं घेऊंच नये. ओल राहिली तर बुरशी धरते व सूत कुजतें. दसऱ्यानंतरची कोरडी हवा त्यास उत्तम.

कोठें दशा तुटून आंतली पट्टी उसवूं लागली असेल, तर वाट पाहूं नये. जाड सुती दोऱ्यानें कांठावरून एकसारखे टांके घालून ती पट्टी बांधून घ्यावी. नवी झालर लावावयाची झाली, तरी ती जुन्या दशांच्या बुंध्यावर शिवावी. जुन्या कापून तिच्यासाठीं जागा करूं नये.

याबाबत कोणी म्हणेल, कीं आमच्या घरचा गालिचा कोठला एवढा मोलाचा! आक्षेप रास्त आहे. आज बाजारांत यंत्रावर केलेले अनेक गालिचे मिळतात व त्यांची झालर बहुधा निराळी आणून शिवलेली असते. गालिचा उलटा करून पाहावा. झालर शिवणीनें जोडलेली दिसली, तर ती केवळ शोभा होय. ती काढली तरी अंगाला इजा होणार नाहीं. परंतु दशांचे धागे थेट पोटांत शिरलेले दिसले, तर कात्री दूर ठेवावी. म्हणजे माझें म्हणणें इतकेंच, कीं कापण्यापूर्वीं उलटून पाहावें. ही सवय गालिच्यापुरतीच उपयोगी आहे असें नाहीं.

दुसरा आक्षेप असा, कीं हें काम पैसे देऊन करून घ्यावें, मुलांचा वेळ त्यांत कां दवडावा? माझें मत याच्या नेमकें उलट आहे. जी वस्तु आपण केवळ पायांखालीं घालतों, ती एकदां गुडघे टेकून जवळून पाहिल्याखेरीज तिची किंमत कळत नाहीं. लंडनच्या व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालयांत इराणांतील अर्दबीलचा प्रसिद्ध गालिचा आहे. त्यावर हिजरी सन 946, म्हणजे इ. स. 1539-40, हें वर्ष विणलेलें आहे. संग्रहालयानें तो 1893 सालीं विकत घेतला. मूळ गालिचे दोन होते. दोन्हीं झिजले, तेव्हां एकाचे भाग कापून दुसऱ्याची डागडुजी करण्यांत आली. म्हणून आज लंडनचा गालिचा पुरा दिसतो, आणि त्याचें अमेरिकेंतील लॉस एंजेलिस येथें असलेलें भावंड मात्र कांठाविना आहे. कांठ गेल्यावर तो परत आणावयास दुसऱ्या गालिच्याचा बळी द्यावा लागतो, हा त्याचा अर्थ.

शिवाय हे धागे कोणाच्या हातांतून आले, हेंही आठवावें. विंडसर किल्ल्यांतील वॉटर्लू दालनांतला दोन टन वजनाचा अखंड गालिचा आग्र्याच्या तुरुंगांतील बंद्यांनीं व्हिक्टोरिया राणीच्या 1887 सालच्या राज्यारोहण-महोत्सवानिमित्त विणला. 1992 सालच्या आगींतून तो बाहेर काढावयास पन्नास शिपाई लागले. आपल्या पुण्याजवळ येरवड्याच्या तुरुंगांतही एके काळीं गालिचे विणले जात. भदोही-मिर्झापूरच्या भागांत तर तुमच्याच वयाचीं मुलें शाळा सोडून मागावर बसविलीं जात. 1986 सालच्या कायद्यानें या कामांत बालकांस लावण्यावर निर्बंध घातले. पुढें 1994 सालीं कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकारानें बालमजुरीविना विणलेल्या गालिच्यांस ‘रगमार्क’ ही खूण देण्यास आरंभ झाला. त्याच चळवळीस आज ‘गुडवीव्ह’ हें नांव आहे. सत्यार्थी यांना 2014 सालीं शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. गालिचा मागावरून उतरतांना विणकर शेवटीं हातांत धरतो त्या या दशाच. त्यांना कचरा समजून कात्री लावणें हें, न कळत कां होईना, त्या श्रमांची अवहेलना करणें होय. आणि नवा गालिचा घेतांना मागील बाजूस ती खूण पाहणें हें पालकांचें कर्तव्य, असें मी समजतों.

विद्यार्थिमित्रांनो, स्नेहसंमेलनाच्या त्या दिवशीं आम्हीं काय केलें, तें सांगून लेख पुरा करतों. मळक्या दशा बोटांनीं सरळ करून त्यांवर सुती कापडाची पट्टी सैल अंथरली, व पाहुण्यांची वाट थोडी बाजूनें वळविली. समारंभ यथास्थित पार पडला. पुढच्या शनिवारीं कात्रीवाला व ब्लीचवाला हे दोघे आपण होऊन आले. दोन बादल्या, चार टॉवेल आणि एक दुपार, एवढ्यांत काम झालें. दशा दुधासारख्या पांढऱ्या झाल्या नाहींत. त्यांचा मूळचा सायीसारखा रंग परत आला, आणि तोच त्यांचा खरा रंग होता. गालिचा गुंडाळतांना कात्रीवाला म्हणाला, “सर, पुढच्या वर्षीं हें काम आमच्याच वर्गाकडे ठेवा.” मीं तें कबूल केलें आहे. प्रत्येक घरींही वर्षांतून एक दुपार या कामीं घालवावी, आणि ती मुलांच्या हातून घालवावी, एवढीच पालकांस विनंती.