प्लेटिंगची टाकी बदलली, मूत्रपिंडाचे काय?

विमानाच्या लँडिंग गिअरचे अतिमजबूत पोलाद गंजू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षे कॅडमियमचे प्लेटिंग होत आले. आता त्याच्या जागी १२ ते १५ टक्के निकेल असलेला जस्त-निकेल मिश्रधातू येतो आहे. हे आधीच व्हायला हवे होते. कॅडमियम कर्करोगकारक तर आहेच, शिवाय मूत्रपिंडात साठले की निम्मे व्हायलाही १० ते ३० वर्षे घेते. म्हणजे टाकी बदलली तरी जुन्या कामगाराच्या शरीरातला साठा तसाच! त्याच्या लघवीतील कॅडमियम आणि प्रथिनांची तपासणी निवृत्तीनंतरही व्हायला हवी. निकेलही काही गरीब गाय नव्हे. त्याने त्वचेवर पुरळ उठते. त्याच्या क्षारांचे तुषार श्वासातून गेले तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका असतो. तेव्हा टाकीवरचे धूर ओढणारे पंखे काढण्याची घाई मालकांनी करू नये.