कावळे नव्हे, केरवारा!

गेल्या मार्चमधली गोष्ट. ऑफिसात अप्रेझल. एसी केबिन, समोर मॅडम आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. "बोल, वर्षभरात काय केलंस?" मी तोंड उघडायच्या आत पोटानंच उत्तर दिलं. गुडगुड... गुर्रर्र! सकाळी नुसत्या चहावर निघाले होते ना! मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमनी फाइलमधून डोकंही वर काढलं नाही. म्हणाल्या, "आधी खाऊन ये. मग बोलू."

त्या दिवसापासून ड्रॉवरमध्ये बिस्किटांचा पुडा आला. मीटिंग म्हटली की दोन बिस्किटं पोटात. आवाज बंद! पण दुपारची भूकही बंद. आईनं दिलेला डबा अर्धा परत जायला लागला. ती काही बोलली नाही. फक्त तीन पोळ्यांच्या दोन झाल्या.

मग म्हटलं, बघू तरी हे कावळे ओरडतात कशाला. तर मंडळी, आतडी सारखी आवळत-सैलावत असतात. आतलं पाणी, पाचकरस आणि आपण गिळलेली हवा पुढे ढकलली जाते, तिचा हा आवाज. पोट भरलेलं असलं की तो अन्नात दबतो. रिकामं असलं की घुमतो.

खरी गंमत पुढेच आहे. खाल्लेलं पचून पुढे गेलं, की साधारण दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक जोरदार लाट जठराकडून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत जाते आणि उरलंसुरलं अन्न, जंतू झाडून नेते. १९६९मध्ये कुत्र्यांच्या आतड्यांत ही लाट नोंदवली गेली. पुढे शास्त्रज्ञ तिला चक्क 'हाउसकीपर' म्हणायला लागले. म्हणजे कावळे कसले, आत केरवारा चाललेला असतो! आणि आपण मध्येच बिस्किट टाकलं, की बाई झाडू ठेवून पचनाच्या कामाला लागतात.

आता मी घरून पोहे खाऊन निघते. ड्रॉवर रिकामा आहे. अधूनमधून गुडगुड होते, होऊ दे. (मात्र सोबत पोट दुखत, फुगत असेल, उलट्या होत असतील, तर थेट डॉक्टर गाठा.)

डब्यात परत तीन पोळ्या आल्यात. आणि पुढच्या अप्रेझलला पोट बोललंच, तर सांगेन, "मॅडम, पाचच मिनिटं. आत साफसफाई चालू आहे!"