चित्रविद्या आणि नंदुरबारचा हक्क

चित्रपट आणि दूरदर्शन यांची निर्मिति हा विद्यापीठानें शिकविण्याजोगा विषय आहे कीं नाहीं, हा वाद पुण्या-मुंबईकडे केव्हांच मिटला आहे. १९५१ सालीं स. का. पाटील समितीनें चित्रपटशिक्षणाची संस्था काढण्याची शिफारस केली. १९६० सालीं पुण्यांत, प्रभात कंपनीच्या आवारांत, ती संस्था उभी राहिली. १९७४ सालीं दूरदर्शनची शाखा तिला येऊन मिळाली. आणि २०२५ सालीं तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जाहि मिळाला. ज्या धंद्यांत मुलगा गेला म्हणजे घरचीं माणसें तोंड लपवीत, त्या धंद्याच्या अंगावर आतां पदवीदानाचा झगा चढला आहे. आम्हांस त्याचा आनंदच आहे. परंतु हाच विषय नंदुरबार जिल्ह्यांत शिकविला जावा, तेथल्या मुलांस तेथल्या बोलींतून शिकविला जावा, असें कोणीं म्हटलें कीं मिटलेला वाद पुन्हां उकरला जातो, आणि तोहि मोठ्या सभ्य चेहऱ्यानें.

हे आक्षेपक दोन प्रकारचे आहेत. पहिले कळवळ्याचे. ते म्हणतात, २०११ च्या जनगणनेंत राज्याची साक्षरता शेंकडा ८२ भरली आणि नंदुरबारची ६४, म्हणजे सर्व जिल्ह्यांत खालची. अशा ठिकाणीं अगोदर अक्षर, मग औषध, मग रस्ता, आणि कांहीं उरल्यास चित्रपट. दुसरे व्यवहाराचे. ते म्हणतात, अक्कलकुव्याच्या बाजारांत हिंडणाऱ्या पोराच्या खिशांतहि आतां कॅमेरा आहे. चित्र काढावयास विद्यापीठ कशाला हवें? पहिल्यांस वाटतें ही विद्या फार महाग आहे, दुसऱ्यांस वाटतें ती फुकटच मिळते. दोघांचा निकाल मात्र एकच: नंदुरबारांत ती नको.

पहिल्या आक्षेपास उत्तर शोधावयास आम्हांस लांब जावें लागत नाहीं. नंदुरबारचीं महाविद्यालयें ज्या विद्यापीठाखालीं येतात तें १९९० सालीं जळगांवास स्थापन झालें, आणि २०१८ पासून तें कवयित्री बहिणाबाई चौधरींचें नांव धारण करून आहे. या बाईंस लिहितां वाचतां येत नव्हतें. जात्यावर बसून, शेतांत खपून, त्या आपल्या बोलींत ओव्या रचीत गेल्या. चिरंजीव सोपानदेव आणि नात्यांतल्या मंडळींनीं त्यांतल्या कांहीं टिपून ठेवल्या, आणि बाई गेल्यानंतर १९५२ सालीं आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानें त्यांचें पुस्तक निघालें. अगोदर अक्षर आणि मग कविता, हा नियम त्या घरांत पाळला गेला असता तर विद्यापीठास आज दुसरें नांव शोधावें लागलें असतें. निरक्षर माणसाजवळ जगास सांगण्यासारखें कांहीं नसतें ही समजूत ज्या विद्यापीठाच्या पाटीनेंच खोडून काढली आहे, त्याच्याच कक्षेंत उभें राहून साक्षरतेचे आंकडे पुढें करणें याला धाडस म्हणावें कीं विसराळूपणा, हें वाचकांनीं ठरवावें. अक्षर नको असें आम्ही म्हणत नाहीं. अक्षर येईपर्यंत माणसानें मुकें राहावें, याला आमचा विरोध आहे.

या हकीकतींत दुसरीहि एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाहीं. ज्यांनीं त्या ओव्या टिपल्या ते घरचे होते. कोणता शब्द शुद्ध करावयाचा नाहीं हें त्यांस कोणीं शिकवावें लागलें नाहीं. तेंच काम परगांवच्या एखाद्या विद्वानानें केलें असतें तर ओवीचा अर्थ कदाचित् राहिला असता, ओवी राहिली नसती.

आतां नंदुरबारची स्थिति पाहा. १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. वस्तीपैकीं शेंकडा ६९ आदिवासी. भिली, पावरी, मावची, कोकणी, अहिराणी, गुजरी इतक्या बोली तापीच्या कांठापासून सातपुड्याच्या माथ्यापर्यंत नांदतात. नवापूरचें रेल्वे स्टेशन तर अर्धें महाराष्ट्रांत आणि अर्धें गुजराथेंत. अशा मुलखाकडे कॅमेरे फिरकले नाहींत असें नव्हे; भरपूर फिरकले. सरदार सरोवराच्या पाण्यांत अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतलीं गांवें जाऊं लागलीं तेव्हां ते आले, आणि बरें झालें आले. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांच्या 'अ नर्मदा डायरी' (१९९५) या चित्रपटाची योग्यता आम्ही तिळमात्र कमी लेखीत नाहीं. सरकारी कागदांत जें सांपडावयाचें नाहीं तें त्यांत सांपडतें. पण एक चांगला पाहुणा येऊन गेला म्हणून घरच्या माणसानें बोलूं नये, असा कांहीं नियम नाहीं. कॅमेरे कुपोषणाच्या बातमीस येतात, होळीस येतात, निवडणुकीस येतात. येतात आणि परत जातात. जें नेतात त्याची काटछाट सातपुड्यापासून दूर, मुंबईंत नाहीं तर दिल्लींत होते. शहाद्याकडचे भिली कवि वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. आदिवासींच्या दुःखाची हकीकत आदिवासींसच ऐकविणाऱ्या वक्त्यांविषयीं ती आहे. त्या व्यासपीठाच्या जागीं पडदा आला, इतकाच काय तो फरक.

काठीची होळी घ्या. अक्कलकुवा तालुक्यांतील ही राजवाडी होळी रात्रभर जागते आणि पहांटे पेटते. मोरपिसांचे टोप, कमरेस वाळलेले भोपळे आणि घुंगरूं, दऱ्याखोऱ्यांतून पायीं आलेले जथे. जे हा वेष घेतात ते त्याअगोदर कित्येक दिवस कडक नेमानें राहतात. आतां या होळीचें जें चित्र जगभर फिरतें त्यांत काय असतें? अर्ध्या मिनिटाचा नाच, टोप, ज्वाळा, आणि वर कुठल्याशा हिंदी सिनेमाचें संगीत. नेम गाळला, कारण म्हणे नेम 'दिसत' नाहीं. ढोल गाळला, कारण तो फार वेळ तोच वाजतो. खरें पाहतां तो तोच वाजत नाहीं. एका गांवाचा ढोल दुसऱ्याहून वेगळा असतो, पण तें ऐकणाऱ्या कानाला कळतें, आणि तो कान या काटछाटीच्या टेबलाजवळ बसलेला नसतो. जाणता दिग्दर्शक आपलें चित्र ज्वाळांपासून सुरू करणार नाहीं. घरांतल्यांपासून अलग राहणारा तो नेमस्थ माणूस, त्याचें वेगळें ताट, त्याच्याशीं सांभाळून वागणारीं घरचीं मुलें, येथून तो सुरुवात करील. आणि मग शेवटीं जेव्हां आग दिसेल तेव्हां ती पाहणाराच्या पोटांत दिसेल. ही निवड शिकावी लागते. ती उपजत येत नाहीं आणि यंत्राबरोबर मिळतहि नाहीं.

होळीचें एक वेळ सोडून द्या. तींत थट्टेशिवाय फारसें कांहीं बुडत नाहीं असें कोणी म्हणेल. म्हणून दुसरें उदाहरण घेऊं. समजा, धडगांवकडील एका बाईचें मूल दगावलें आणि ती कॅमेऱ्यापुढें पाऊण तास पावरींत बोलली. त्यांत ती रडली दोनदां. बाकीचा वेळ ती सांगत होती कीं झोळींतून किती वेळ चालावें लागलें, दवाखान्यांत कोण होतें, कोण नव्हतें, तिला कोणत्या भाषेंत काय सांगण्यांत आलें आणि त्यांतलें तिला काय समजलें. दुभाष्यानें याचें दोन वाक्यांत सार सांगितलें. संपादकानें रडण्याचीं बारा सेकंदें ठेवलीं आणि खालीं एक ओळ दिली कीं आईचा आक्रोश. झालें! जी साक्ष होती तिचा देखावा झाला. येथें कोणीं खोटें बोललें नाहीं, कोणाचा हेतु वाईट नव्हता, आणि तरीहि त्या बाईनें जें सांगितलें तें या जगांत कोणासहि कळलें नाहीं. पाऊण तासांतलीं कोणतीं बारा सेकंदें ठेवावयाचीं हा अधिकार ज्याच्या हातीं, त्याच्याच हातीं ती बाई. हा अधिकार पावरी जाणणाऱ्या, संकलनाची विद्या शिकलेल्या, तिच्याच मुलखांतल्या तरुण-तरुणींकडे असावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे. आणि एवढें म्हणणें सुद्धां चैनीचें ठरत असेल तर गरजेचें काय तें आम्हांस कोणीं तरी समजावून सांगावें.

आतां व्यवहारी मंडळींकडे वळूं. त्यांचा आवडता दाखला दादासाहेब फाळक्यांचा. फाळके कोणत्या विद्यापीठांत गेले होते, असें ते विजयी मुद्रेनें विचारतात. फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले, बडोद्याच्या कलाभवनांत गेले, छायाचित्रण शिकले, छापखान्याचें काम शिकले, आणि एवढ्यानें भागेना तेव्हां चाळिशी उलटल्यावर, विम्याची पॉलिसी गहाण टाकून, १९१२ सालीं लंडनला सेसिल हेपवर्थकडे गेले. परत येऊन त्यांनीं कुंडींतल्या वाटाण्याचें रोप उगवतांना टिपून दाखविलें, मग कोठें भांडवल उभें राहिलें आणि १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. शिक्षण अनावश्यक असल्याचा हा पुरावा असेल तर आम्हांस पुरावा या शब्दाचा अर्थ कळत नाहीं. या गृहस्थानें शिकण्यासाठीं घरदार पणास लावलें, तें शेजारीं शाळा नव्हती म्हणून.

दुसरा दाखला आमच्या शेजारच्याच मालेगांवचा. तेथल्या शेख नासिर यांनीं व्हिडिओच्या दुकानांत बसून, फितींचे तुकडे जोडीत जोडीत संकलन आत्मसात केलें आणि २००० सालीं मालेगांवचा स्वतःचा 'शोले' काढला. त्यांच्याविषयीं आम्हांस नितांत आदर आहे. पण त्यांच्या उदाहरणाचा उपयोग शाळा नाकारण्याकडे करणाऱ्यांस आम्ही विचारतों: त्यांची कहाणी देशोदेशीं कोणीं नेली? २००८ चा माहितीपट फैझा अहमद खान यांचा. २०२४ चा मोठा चित्रपट रीमा कागती यांचा. दोन्ही चांगले असोत. दोहोंच्या कारागिरीमागें मुंबईची तालीम आणि मुंबईचें भांडवल आहे. मालेगांवच्या हौसेस विद्येची जोड मिळाली असती तर मालेगांवची कहाणी मालेगांवानेंच सांगितली नसती काय?

आडगांवीं ही विद्या रुजते कीं नाहीं, अशी शंका आतां घेण्याचें कारण उरलेलें नाहीं. नागराज मंजुळे पुण्याच्या संस्थेंत शिकलेले नाहींत. अहमदनगरच्या, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरच्या, न्यू आर्ट्स महाविद्यालयांत त्यांनीं संज्ञापनाचा अभ्यासक्रम घेतला. त्या काळांत केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटास पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पुढें 'फँड्री' (२०१३) व 'सैराट' (२०१६) यांनीं मराठी चित्रपटाची बोलीच बदलून टाकली. जिल्ह्याच्या गांवचें एक महाविद्यालय एवढें करूं शकतें. दूरदर्शनची साक्ष हवी असेल तर ती सरहद्दीपलीकडे गुजराथेंत आहे. खेडा जिल्ह्यांत १९७५ सालीं अहमदाबादच्या अंतराळ-उपयोग केंद्रानें पीज येथें छोटें प्रक्षेपण केंद्र उभारलें, गांवोगांव सार्वजनिक संच ठेवले, आणि मजुरी, शिवाशीव, दुधाचा व्यवहार असल्या विषयांवर त्याच लोकांच्या बोलींत, त्यांच्याच सहकार्यानें कार्यक्रम केले. १९८४ सालीं त्यास युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तें केंद्र पुढें बंद पडलें ही गोष्ट वेगळी, आणि ती तपासण्यासारखी आहे. खेडवळांना दूरदर्शन करतां येत नाहीं म्हणून मात्र तें बंद पडलें नाहीं.

नोकऱ्या कोठें आहेत, हा प्रश्न आम्हांस अपेक्षित आहे. मराठीची पदवी घेणाऱ्या, इतिहासाची पदवी घेणाऱ्या मुलास हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. विचारला तर तो हंसून सोडून देतो. चित्रविद्या शिकलेला प्रत्येक मुलगा दिग्दर्शक होणार नाहीं, व्हावयास नकोहि. कोणी शाळांचे पाठ चित्रित करील, कोणी शेतीखात्यासाठीं, कोणी वृत्तवाहिनीसाठीं काम करील, कोणी लग्नाचीं चित्रणें करून पोट भरील आणि उरल्या वेळांत आपल्या आजीची गोष्ट टिपील. यांत लाज वाटण्यासारखें काय आहे?

आम्हांस भीति वाटते ती निराळीच. उद्यां विद्यापीठानें हें मनावर घेतलें तर तें काय करील? एक खोली, एक फलक, इंग्रजीतल्या पुस्तकांवरून काढलेलीं टिपणें, आणि वर्षअखेर प्रश्नपत्रिका: कॅमेऱ्याचे प्रकार सांगून कोणत्याहि दोहोंवर टिपा लिहा. यंत्र कपाटांत, कपाटास कुलूप, किल्ली कारकुनाजवळ आणि कारकून रजेवर. असला अभ्यासक्रम काढावयाचा असेल तर तो न काढणेंच उत्तम. पोरांचीं तीन वर्षें तरी वांचतील. विभाग नंदुरबारांतच हवा, जळगांवच्या इमारतींत एक बाक वाढवून चालणार नाहीं. प्रवेशास इंग्रजीची अट नको. संकलनाचीं यंत्रें रात्रीं उशिरापर्यंत उघडीं हवींत, कारण दिवसा कामावर जाणारीं मुलेंहि येतील. ध्वनीचा विषय कॅमेऱ्याइतकाच, किंबहुना अधिक वेळ शिकविला जावा. ज्या बोलींचें छापील वाङ्मय थोडें आहे, त्यांचें सारें धन कानांत आहे. पुण्याहून अध्यापक बोलवावेत, पण वर्षभरासाठीं. दोन दिवसांच्या शिबिरासाठीं नव्हेत.

आणि पहिल्या वर्षाची परीक्षा लेखी नसावी. विद्यार्थ्यानें आपल्या बोलींत दहा मिनिटांचें चित्र करून आणावें. आणि जें जें गाळलें तेंहि बरोबर आणावें, व तें कां गाळलें हें तोंडीं सांगावें. परीक्षकांस ती बोली येत नसेल तर दुभाष्याची सोय परीक्षकांनीं करून घ्यावी.