ऑफिसचा नवा पत्ता

शहरातल्या टेलिफोन नंबरांचे आकडे सहाचे सात आणि साताचे आठ झाले, तेव्हा लोकांनी डायऱ्या दुरुस्त केल्या आणि विषय संपला. इंटरनेटच्या पत्त्यांचे काम मात्र इतके सोपे नाही.

इंटरनेटवर येणाऱ्या यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. १९८१ साली ठरलेल्या 'आयपीव्ही ४' पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी पत्ते निघतात. त्या काळी ते भरपूर वाटले. पुढे घरोघरी संगणक आले, हातोहाती मोबाइल आले, दुकानातले कॅमेरेसुद्धा इंटरनेटला जोडले गेले. फेब्रुवारी २०११मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. यावरचा उपाय, 'आयपीव्ही ६', १९९८मध्येच तयार होता. त्यातल्या पत्त्यांची संख्या लिहायची तर ३९ आकडे लागतात!

मग कंपन्यांचे काम अडले कसे नाही? एका टेलिफोन नंबरवर जशी पन्नास एक्स्टेन्शन्स चालतात, तसे एका पत्त्यामागे सारे ऑफिस बसवता येते. पण ही सोय आता महाग पडू लागली आहे. २०११मध्ये मायक्रोसॉफ्टने नॉर्टेल या दिवाळखोर कंपनीचे साडेसहा लाखांहून अधिक जुने पत्ते ७५ लाख डॉलर्सना विकत घेतले. फेब्रुवारी २०२४पासून अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवाही अशा प्रत्येक पत्त्याचे तासाला अर्धा सेंट, म्हणजे वर्षाला सुमारे ४४ डॉलर भाडे आकारू लागली.

भारतात गंमत अशी की, ग्राहक पुढे गेला आणि ऑफिस मागे राहिले. मोबाइल कंपन्यांमुळे आपल्याकडचे निम्म्याहून अधिक लोक नव्या पद्धतीने इंटरनेटवर येतात. ऑफिसात मात्र 'चालले आहे ना, मग कशाला हात लावायचा?' हीच वृत्ती दिसते.

खरा धोका इथेच आहे. २००७च्या सुमारास आलेल्या विंडोज व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये नवी पद्धत मुळातच चालू असते. म्हणजे मालकाने ठरवले नाही, तरी ऑफिसातले संगणक ती भाषा बोलतात. फायरवॉलचे नियम फक्त जुन्या पत्त्यांसाठी लिहिलेले असतील, तर पुढच्या दाराला कुलूप आणि मागचे दार सताड उघडे, अशी गत होते.

बदल एका रात्रीत करायचा नसतो. जुनी आणि नवी पद्धत एकमेकींशी थेट बोलू शकत नाहीत, म्हणून काही वर्षे दोन्ही शेजारी शेजारी चालवाव्या लागतात. आधी रूटर, प्रिंटर, कॅमेरे, हजेरीची यंत्रे यांची यादी करावी. बिलांच्या किंवा हिशेबाच्या जुन्या प्रोग्राममध्ये पत्ते कायमचे लिहून ठेवलेले असतात. गाडी बहुधा तिथेच अडते, म्हणून ते आधी शोधावेत. मग फायरवॉलचे नियम दोन्ही पद्धतींसाठी लिहावेत. त्यानंतर बाहेरच्यांना दिसणारी वेबसाइट आणि ई-मेल, आणि शेवटी आतले नेटवर्क, असा क्रम ठेवावा.

नवे यंत्र घेताना विक्रेत्याकडून 'आयपीव्ही ६ चालते' असे लेखी घ्यावे. आणि ऑफिसचे नेटवर्क सांभाळणाऱ्याला आजच एक प्रश्न विचारावा: आपले मागचे दार बंद आहे ना?