बांधावरच्या गप्पा : नवे गाणे आणि जुने जाते



गेल्या मे महिन्याच्या अखेरीस भोंगवलीला गेलो होतो. भोर तालुक्याच्या पूर्व अंगाचे हे गाव. काम नेहमीचेच होते. घरी राखलेल्या सोयाबीनची उगवण पेरणीआधी तपासावी, म्हणून एका नानांना शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायला सांगितले होते. पाचव्या दिवशी कोंब मोजायचे ठरले होते.

ओसरीवर गोणपाट उलगडून बसलो, तोच नाना म्हणाले, "साहेब, बियाण्याचं मागनं बघू. आधी ह्या आमच्या पोराला चार शब्द सांगा. दिवसभर कानात ती बोंडं. त्यात शुक्रवार उजाडला की ह्याचं चित्तच थाऱ्यावर नसतं. का तर म्हणं, आज नवी गाणी येत्यात!"

पोरगा बावीस-तेवीस वर्षांचा. नुकताच म्हशीची धार काढून उठला होता. बापाचे बोलणे ऐकून हसला आणि माझ्यासोबत कोंब मोजायला बसला. मी विचारले, "सिनेमाची गाणी ऐकतोस का रे?"

"सिनेमाची बी ऐकतो, पण ती सगळीच ऐकत्यात," तो म्हणाला. "मला ती पोरं आवडत्यात, जी सोताच लिहित्यात, सोताच गात्यात. एका खोलीत भितीला गाद्या लावून रेकॉर्ड करत्यात आन मोबाईलवर सोडत्यात. साहेब, नवं गाणं पहिल्यांदा ऐकताना फुडं काय येणार ते ठावं नसतं. धारंच्या टायमाला एखादी चाल मनात बसली की समदा दिवस बरा जातो."

बोलता बोलता कोणत्या गाण्यात ढोलकी कोणी वाजवली, शब्द कोणाचे, चाल कोणाची, हे तो घडाघडा सांगू लागला. आपल्याला वाणाची नावे पाठ असतात तशी त्याला गाणाऱ्यांची नावे पाठ. मोजणीतही हात चुकत नव्हता. शंभरात ब्याऐंशी कोंब निघाले. सोयाबीनला किमान सत्तर लागतात. बियाणे पास झाले. आता राहिला पोरगा.

नानांना मी म्हटले, शुक्रवारची ही गोष्ट पोराच्या मनाची नाही. पूर्वी निरनिराळ्या देशांत नव्या गाण्यांचा वार निरनिराळा असे. २०१५ च्या जुलैपासून पुष्कळ देशांतील कंपन्यांनी शुक्रवार हा एकच वार ठरवून घेतला. आपल्याकडे नवा सिनेमा शुक्रवारी लागतो, तसेच हे. मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय स्वतःच गाणे काढण्यालाही आता नाव पडले आहे. त्याला 'इंडी' म्हणतात. म्हणजे स्वतंत्र. इंग्लंडात मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' नावाच्या चार पोरांनी घरच्यांकडून, मित्रांकडून सुमारे पाचशे पौंड उसने घेतले आणि १९७७ च्या जानेवारीत स्वतःच आपली तबकडी काढली. पहिल्या खेपेला एक हजार प्रती छापल्या आणि त्या खपल्या. तेव्हापासून तिकडच्या पुष्कळ पोरांना धीर आला, की कंपनीने दार उघडले नाही तरी आपले गाणे लोकांपर्यंत जाते.

आपल्या मुलखाला हे नवे नाही. शाहीर साबळे इथून जवळच्या, वाईशेजारच्या पसरणी गावचे. त्यांचा जन्म १९२३ चा. त्यांनी गायिलेले 'गर्जा महाराष्ट्र माझा' हे गीत २०२३ साली महाराष्ट्राचे राज्यगीत झाले. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज तर ज्या गावात भजन आहे त्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे. पुढे त्यांचे चिरंजीव आनंद आणि मिलिंद गायला लागले, आणि आता नातू आदर्श गातो आहे. आज जे जुने म्हणून आपण डोक्यावर घेतो, ते एके काळी नवेच होते आणि तेव्हाही कोणाचा तरी बाप म्हणतच असेल, की पोरगे गाण्यापायी वाया चालले.

"आवं पण गाण्यानं दूध वाढतंय व्हय?" नानांनी विचारले.

मी म्हटले, नाना, त्याचाही प्रयोग झाला आहे. २००१ साली इंग्लंडातील लेस्टर विद्यापीठाच्या मंडळींनी गोठ्यात संथ गाणी लावून पाहिली, तर गाईमागे दूध दिवसाला सुमारे पाऊण लिटरने, म्हणजे तीन टक्क्यांनी वाढले. धांगडधिंग्याच्या गाण्याने काही वाढले नाही. पण म्हणून कोणी पेंड कमी करू नका. गाणे पेंडीच्या जागी चालत नाही.

पोराला मात्र एक गोष्ट बजावून सांगितली, ती तुम्हा सर्वांनाही सांगतो. ट्रॅक्टर, मळणीयंत्र, कडबाकुट्टी चालू असताना कानात बोंडे घालू नयेत. रस्त्याने जाताना घालू नयेत. मागून कोणी ओरडले, पट्टा सुटला, गाडी आली, तर ऐकू आले पाहिजे. गाणे पुन्हा लावता येते, हात पुन्हा लावता येत नाही.

इथवर सगळे ठीक झाले. मग नाना म्हणाले, "खरी गाणी आमच्या आईची, साहेब. पहाटं जात्यावर बसली की दोन पायलीचं दळण हुस्तोवर एक ओवी दुसऱ्यांदा येत नव्हती."

मी विचारले, "मग ती गाणी आता कुठे आहेत?"

"कुठं म्हंजे? गिरणी आली आन जातं गेलं गोठ्यात. ओव्या बी गेल्या त्याच्यासंगं."

आणि ज्यांच्याविषयी आम्ही बोलत होतो त्या आजी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला लसूण सोलत बसल्या होत्या! वय ऐंशीच्या पुढे. कान थोडे जड, पण बोलणे खणखणीत.

मला गप्प बसवेना. मी त्या बापलेकांना माझी एक गोष्ट सांगितली. आजवर या सदरात ती लिहिली नव्हती. आज लिहितो.

आमचे काका मुंबईला गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, तो लांबला, आणि काका गावी परतले. येताना एक ट्रंक आणि एक टेपरेकॉर्डर, एवढेच घेऊन आले. त्या साली मी शाळेत होतो. एके दिवशी भल्या पहाटे काकांनी आईच्या जात्याशेजारी टेप ठेवला आणि साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू आईच्या ओव्यांनी भरून घेतली. ती चुकून पुसली जाऊ नये म्हणून कॅसेटच्या मागच्या कडेचे प्लॅस्टिकचे बारीक दात त्यांनी मोडून टाकले. ते दात मोडले की त्या कॅसेटवर नवे काही भरता येत नाही.

पुढे मी अकरावीला गेलो. मला नव्या गाण्यांचे या पोरापेक्षा जास्त वेड. आकाशवाणीवर 'आपली आवड' लागले, की मी टेप घेऊन रेडिओला चिकटून बसायचो. कोऱ्या कॅसेटला पैसे नसायचे. एका रात्री नवे गाणे लागणार होते आणि घरात रिकामी कॅसेट नव्हती. मी आईची कॅसेट काढली. मोडलेल्या दातांच्या भोकांत कागदाचे बोळे कोंबले आणि तिच्यावर गाणे भरले. मग दुसरे भरले, तिसरे भरले. आईला कळले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "असू दे, मी कुठं जातेय?"

आई २००९ साली गेली. दिवस झाल्यावर ती कॅसेट शोधून काढली. त्या बाजूच्या अगदी शेवटी, माझे शेवटचे गाणे संपल्यावर, कसाबसा अर्धा मिनिट उरला आहे. त्यात जात्याची घरघर आहे, आणि आई थांबून विचारते, "झालं का रे?" पुढे टेप संपतो. ज्या गाण्यांसाठी मी हे केले, त्यांतले एकही गाणे आज दुर्मिळ नाही. कोणत्याही मोबाईलवर बोट ठेवले की वाजते. आईची ओवी मात्र कुठेच वाजत नाही.

नव्या गाण्याचे वेड वाईट नव्हते. नव्यासाठी मी जागा कुठली मोकळी केली, ते वाईट झाले.

हे ऐकून पोरगा उठला आणि आजीजवळ जाऊन बसला. "आजे, ओवी म्हण की. मोबाईलात धरतो."

आजी म्हणाल्या, "आरं, जात्याबिगर ओवी कशी यील? हाताला जातं लागल्याबगर तोंडाला शबुद येत न्हाई."

यात आजींचा हट्ट नव्हता. जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्यांनाही बायांनी हेच सांगितले आहे. हात फिरतो, पाळू फिरते, त्या लयीवर शब्द येतो. मग काय, बापलेक गोठ्यात गेले. जात्याची खालची तळी दाव्याच्या खुंटीशेजारी पालथी पडली होती आणि वरची पाळू पायरीला लावलेली होती. ती निघेपर्यंत पोराला घाम फुटला. खुंटा सापडेना, तो नानांनी स्वतः माळ्यावरून हुडकून आणला. जाते धुतले, सुकवले, ओसरीवर मांडले. सुनेने सुपात मूठभर ज्वारी आणली. आजींनी पाळूला हात लावून पाया पडल्या आणि पहिली मूठ घातली.

दोन-तीन फेरे नुसते फिरले. मग ओवी आली. एक आली, तिच्यामागे दुसरी आली. माहेरची आली, भावाची आली, पंढरीची आली. सून समोर बसून खुंट्याला हात लावू लागली. आणि मग एका ओवीत आजींनी आपल्या लेकाचे नाव घेतले. तो लहानपणी तापाने फणफणला होता, तेव्हाची ती ओवी होती. नाना साठीचे गृहस्थ. खांबाला टेकून उभे होते, ते खाली बसले. नंतर मला एवढेच म्हणाले, "साहेब, ही मला ठावंच न्हवती."

मंडळी, हे काम किती मोठे आहे ते सांगतो. हेमा राईरकर आणि पुण्यात येऊन राहिलेले फ्रान्सचे गी पॉइटवां या दोघांनी आणि त्यांच्या साथीदारांनी १९८० नंतरच्या वर्षांत गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावे आणि एक लाखाहून अधिक ओव्या! त्या ओव्या २०१७ पासून 'पारी' या संस्थेमार्फत सर्वांसाठी खुल्या झाल्या आहेत. त्यांतल्या कित्येक बाईचे नाव, गाव आणि आवाज यांसह घरबसल्या ऐकता येतात. त्या बायांच्या मागेही कोणती कंपनी नव्हती. ज्याला आज पोरे स्वतंत्र गाणे म्हणतात, ते आपल्या आया-आज्या रोज पहाटे रचत होत्या आणि त्याच वेळी घरादाराचे दळणही दळत होत्या.

म्हणून काही गोष्टी सुचवतो.

घरात कोणी म्हातारे माणूस ओवी, भूपाळी, भलरी किंवा भारूड म्हणत असेल, तर या पावसाळ्यातच ते मोबाईलमध्ये भरून घ्या. आधी त्यांची परवानगी विचारा. पंखा आणि मोटार बंद करा. मोबाईल एक हाताच्या अंतरावर घडी घातलेल्या कापडावर ठेवा आणि फोन येणार नाही असा करून ठेवा. सुरुवातीला म्हणणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख मोठ्याने बोला. झाल्यावर दुसऱ्या एका ठिकाणी प्रत काढून ठेवा. बियाणे आपण एकाच कणगीत ठेवत नाही, तसेच हे.

ज्या घरची पोरे-पोरी स्वतः गाणी करतात, त्यांनी शब्द कोणाचे, चाल कोणाची, आवाज कोणाचा, हे तारखेनिशी वहीत लिहून ठेवावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने गीत लिहिणाऱ्याचा हक्क त्याच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षे राहतो. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. तेव्हा कोणी गोड बोलून कागद पुढे केला, तर सातबारा वाचतो तसा ओळ न् ओळ वाचून मगच सही करावी.

आणि आई-वडिलांना सांगणे असे, की पोराचे नवे गाणे एकदा त्याच्याशेजारी बसून ऐका. आवडले नाही तर तसे सांगा, पण ऐका. नवे ऐकण्याची गोडी ज्याला आहे, त्यालाच जुने ऐकायला सांगता येते. ज्याला कशाचेच कान नाहीत, त्याला काय सांगणार?

परवा पुन्हा भोंगवलीला गेलो. सोयाबीन चांगले उगवले आहे. जाते ओसरीवरच आहे. पोरगा अजूनही शुक्रवारची वाट पाहतो. आजींच्या ओव्यांची मोजणी मात्र नाना स्वतः वहीत ठेवू लागले आहेत. त्रेचाळीस झाल्या. आजी म्हणतात, "आजून लई हायेत, पर दळाया ज्वारी आना."

आता पुढच्या खेपेला सोयाबीनवरील चक्रीभुंग्याबद्दल बोलू. तोवर रामराम.