‘हरित’ या शब्दाची कसोटी

मीरा-भाईंदरच्या उत्तरेस वसईची खाडी आहे. उल्हास नदीचे पाणी या खाडीतून अरबी समुद्रास मिळते आणि वाटेतील शहरांचे व कारखान्यांचे सांडपाणीही तिच्यासोबत येते. खाडीचे पाणी कोणी पीत नाही. परंतु मासळी आपल्या ताटात येते. पाण्यातील शिसे मात्र डोळ्यांना दिसत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम इतकी अल्प ठेवली आहे. एवढे सूक्ष्म मोजमाप करणारी यंत्रे महाग असल्यामुळे स्वस्त विद्युत्-रासायनिक संवेदकांची ओढ स्वाभाविक आहे.

त्यासाठी जस्ताच्या क्षारात कडुनिंबासारख्या वनस्पतीच्या पानांचा अर्क मिसळतात. अर्कातील पॉलिफिनॉल धातूचे आयन बांधून ठेवतात. पुढे उष्णता दिली की झिंक ऑक्साइडचे, मीटरच्या अब्जांश भागात मोजावे लागणारे, कण तयार होतात. त्यांचा थर दिलेल्या इलेक्ट्रोडवर शिसे प्रथम साठवतात, मग विद्युत्-दाब बदलत नेऊन ते पुन्हा द्रावणात सोडतात. त्या क्षणी वाहणाऱ्या प्रवाहावरून शिशाचे प्रमाण कळते.

ही दिशा स्वागतार्हच आहे. तथापि, पान वापरले म्हणून प्रयोग ‘हरित’ ठरतो, हे मला मान्य नाही. ऋतू आणि मातीनुसार अर्क बदलतो, त्याबरोबर कणही बदलतात. पुष्कळदा भट्टीचे तापमान चारशे-पाचशे अंशांवर न्यावे लागते. झिंक ऑक्साइड जलचरांना अत्यंत विषारी आहे. ते मोरीत ओतले तर ज्या खाडीची तपासणी करायची, तिलाच आपण दूषित करू. शिवाय शुद्ध पाण्यात अचूक ठरलेला संवेदक खाडीच्या खारट, गढूळ पाण्यात चुकू शकतो. कारण सेंद्रिय द्रव्ये इलेक्ट्रोडवर बसतात आणि तांब्यासारखे धातू मापनात ढवळाढवळ करतात.

20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याच्या हक्काचा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उभा केला. त्या पाण्यात काय आहे, हे जाणण्याचा हक्कही त्याच वाटेवरचा आहे, असे मला वाटते. म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांनी मोजमाप तीनदा करावे, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या निष्कर्षाशी ते ताडून पाहावे, फसलेला प्रयोगही वहीत नोंदवावा आणि उरलेले द्रावण वेगळ्या बाटलीत जमा करावे. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी देणगी देताना उपकरणांइतकाच या शिस्तीचाही आग्रह धरावा.