मुंग्या वयामुळे की गोळीमुळे?
काशीच्या संकठा घाटाजवळच नागपूरकर भोसल्यांनी बांधलेला घाट आहे. पुढे ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडे मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली. तिथल्या उंच पायऱ्या उतरणाऱ्या वृद्धांच्या पायांना मुंग्या आल्या की बोट सहज वयाकडे किंवा मधुमेहाकडे जाते. पण मुंग्या बी-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेमुळेही येतात आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतलेले मेटफॉर्मिन त्याचे शोषण घटवते. पँटोप्रॅझोलसारख्या पित्ताच्या गोळ्याही. त्यात दूधदुभते सोडले तर शाकाहारात हे जीवनसत्त्व जवळपास नसतेच. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून उणीव उशिरा कळते आणि तोवर मज्जातंतूंची कायमची हानी झालेली असू शकते. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२२ मध्ये लक्षणे दिसताच रक्ततपासणी करण्याचा सल्ला दिला. आपल्या डॉक्टरांनीही ती स्वतःहून सांगायला हवी. रुग्णांनी मात्र गोळी परस्पर बंद करू नये.